कोपेलातल्या बाईचा उजवा हात

मला राग पटकन येतो, हे आमच्या हायस्कुलात शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आनंदही तितक्याच पटकन होतो, पण त्याची कोणी दखल घेत नाही. ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी मला दोन्ही एकदमच झाले, आणि तेही आमच्या वाड्यावरच्या कोपेलात, म्हणजे छोट्या चर्चात, फादर आणि सासूबाई यांच्यादेखत. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यात नववी-दहावीला इतिहास शिकवते. पुस्तकातला इतिहास ठीक आहे, तो पेपरात येतो. माझा खरा जीव आहे तो शनिवारच्या शेवटच्या दोन तासांत. त्या तासांना मी वारसा मंडळ चालवते आणि पडद्यावर चित्रं दाखवते. कसली? तर सतराव्या शतकातल्या संत बायकांची, बरोक कलेतली. बरोक म्हणजे गप्प उभी न राहणारी कला! झग्याच्या चुण्या वाऱ्यावर उडतायत, मान कलती आहे, डोळे वर लागलेत, ओठ जरासे उघडे. वरून कोणीतरी हाक मारली आणि बाई हातातलं काम सोडून ऐकायला लागली, असं ते सगळं. ही चित्रं लावली की मला खुर्चीत बसवत नाही. मागच्या वर्षी उत्साहाच्या भरात प्रोजेक्टरची वायर पायात अडकून मी वर्गात सपशेल आडवी झाले होते.

आमची मुलं जुन्या गोव्याला सहलीला जातात, सोनेरी वेदीकडे पाठ करून सेल्फी काढतात आणि बसमध्ये चढून वेफर्स खातात. याचा मला भयंकर संताप येतो. अरे, वळून बघा तरी! देवळात गेलात की देवी कोणती ते तिच्या आयुधांवरून ओळखता ना? इथेही तसंच आहे. ताटलीत दोन डोळे घेऊन उभी, ती सांता लुझिया. चिमट्यात दात धरलेली, ती आपोलोनिया. शेजारी मोडकं चाक, ती कातारिना. "आधी हातात काय आहे ते बघा, तोंडाकडे मागाहून," हे मी इतक्यांदा म्हटलंय, की मुलं माझी नक्कल करताना हेच वाक्य म्हणतात.

पालकसभेत एका बापाने उठून विचारलं, "टीचर, आमच्या पोरांका पाखल्यांच्यो सायबिणी कित्याक दाखवतात?" पाखले म्हणजे पोर्तुगीज, सायबिणी म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या बायका. मी म्हटलं, "कारण त्यांतल्या कितीतरी तुमच्याच खापरपणज्यांनी कोरल्यात. हिंदू कारागिरांनी चर्चच्या मूर्ती करायच्या नाहीत अशी बंदी होती. लोक करत होते म्हणूनच बंदी घालावी लागली ना!" तो बाप खाली बसला. मागच्या बाकावरच्या गोकुळदास मेस्तांनी तेवढी मान हलवली. मेस्त म्हणजे सुतार. हे मूळचे लाटंबार्शाचे, पण धारगळात हायवेला लागून त्यांचा कारखाना आहे. तिथे ते देवळांच्या पालख्या आणि प्रभावळी करतात. त्यांची मुलगी तेजस्विनी नववीत आहे आणि माझ्या मंडळातही आहे. बोलते कमी, बघते फार.

आता मूर्तीचं सांगते. धारगळला आमच्या वाड्याच्या टोकाला हे कोपेल आहे. ख्रिस्ती घरं चारच, पण नवस बोलायला सगळा वाडा जातो. वेदीवर कमरेइतक्या उंचीची लाकडी बाई उभी आहे. निळा झगा, डाव्या हातात उघडं पुस्तक, उजवा हात पुढे आलेला आणि रिकामा. बोटांच्या मधे भोक, म्हणजे पूर्वी हातात काहीतरी होतं आणि ते कधीतरी हरवलं. आमच्याकडे चर्चमधली कोणतीही बाई ही सायबीणच, म्हणजे मेरीमाता. ती चार घरंही सायबीण म्हणतात, आम्हीही म्हणतो. दर चार-पाच वर्षांनी कोणीतरी भाविक तिला हार्डवेअरच्या दुकानातला निळा ऑइलपेंट फासतो, कारण सायबीण निळी असते.

यंदा फादर सावियो नवे आले. तरुण माणूस, चार-पाच कोपेलं सांभाळत स्कूटरवर धावत असतो. त्यांनी छप्पर दुरुस्त करून घेतलं आणि ठरवलं की फेस्ताच्या, म्हणजे कोपेलाच्या उत्सवाच्या आत सायबिणीच्या हातातली वस्तूही परत बसवायची. कोणती वस्तू, ते इतिहासाच्या टीचरना विचारा. मी एक मिनिटही न घालवता सांगून टाकलं: लिलीचं फूल, शुद्धतेची खूण. नुसतं सांगून थांबले नाही, दोन पानांचं पत्रक लिहिलं आणि तीनशे प्रती छापून आणल्या. खाली माझं नाव, एम. ए.सकट.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी मंडळाच्या मुलांना घेऊन मी मूर्ती पुसायला गेले होते. कापूस, मऊ कुंचले, कोणी घासायचं नाही अशी तंबी. तेजस्विनी स्टुलावर चढून उजव्या हाताची धूळ काढत होती. बराच वेळ तिचा कुंचला हललाच नाही. मग म्हणाली, "टीचर, ही लिहिते आहे असं वाटतं."

"सायबीण?" मी म्हटलं. "का गं, तलाठ्याकडे कामाला होती?"

सगळी पोरं खो खो हसली. तेजस्विनीही थोडीशी हसली आणि स्टुलावरून उतरली. त्यानंतर मंडळात तिने एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही, हे सांगताना आता लाज वाटते.

फेस्त रविवारी होतं. गुरुवारी दुपारी चार वाजता मेस्त फूल घेऊन आले. बरोबर तेजस्विनी, टॉर्च धरायला. फूल इतकं देखणं होतं की फादरनी ते दोन्ही हातांत घेऊन उजेडात धरलं. सागवानाच्या पाकळ्या, काठाला पातळ होत गेलेल्या. मेस्त स्टुलावर चढले, देठ भोकाला लावून पाहिला, काढला, पुन्हा लावला आणि खाली उतरून त्यांनी कपाळ पुसलं.

"टीचर, ह्या फूल बसाचा नाय."

"म्हणजे? माप घेतलं होतं ना?"

"माप हाताचा घेतललंय. पण भोक बारीक असा, आणि तिरक्या. देठ थयसर घातलो तर फूल तिच्या छातयेक आपटता." मग जमिनीकडे बघत ते म्हणाले, "आमी मूठ कोरतव ती वस्तू बघून. आधी वस्तू, मगे बोटां. तलवारीची मूठ येगळी, कमळाची येगळी. ह्या हातान फूल कधी धरूकच नाय."

"मग काय धरलं होतं?"

शिकलेल्या माणसापुढे पुढचं बोलायचं ते टाळतात. "ता तुमका ठावक. तुमी सांगश्यात तर मी नवा भोक पाडतंय, सरळ, मोठा. पण एकदा पाडला की जुना रवाचा नाय. तुमी सांगा."

मला त्या घडीला काय दिसत होतं सांगू? मूर्ती नाही. मला घरच्या कपाटावरची तीनशे पत्रकं दिसत होती आणि त्यांच्या खालचं माझं नाव. रविवारी सगळ्या वाड्यासमोर मी भाषण करणार होते. एक सुतार मला सांगतो की हातात फूल नव्हतं, आणि मी तीनशे कागद चुलीत घालू? डोकं तापलंच.

"पाडा," मी म्हटलं.

मेस्तांनी मूर्तीला हात जोडले, पिशवीतून गिरमिट काढलं, आणि स्टुलावर चढून त्याचं टोक बोटांच्या बेचक्यात टेकवलं.

"बाबा, रवा! थांबा!"

तेजस्विनी इतक्या जोरात ओरडली की फादर दचकले. मग तिचं तिलाच भान आलं आणि ती माझ्याकडे वळली. चेहरा पांढराफटक. "टीचर, रागावू नका. एकदाच बघा. तुम्हीच सांगता ना, हातात काय ते बघा. हा हात रिकामा होता, म्हणून मी दुसरा बघितला."

तिने टॉर्च पुस्तकाच्या अगदी कडेला, आडवा धरला. समोरून बघताना ती पानं नुसती निळट-पांढरी, सपाट दिसायची. आडव्या उजेडात त्यांवर रेघा उमटल्या! डावं पान वरपासून खालपर्यंत बारीक रेघांनी भरलेलं. उजव्या पानावर एक, दोन, तीन, चार, पाच ओळी. सहावी अर्ध्यावर थांबलेली. तिच्याखाली काही नाही.

"रंगाखाली बुजल्या असतील बाकीच्या," मी म्हटलं, पण आवाजात दम नव्हता.

"मी त्या दिवशी बोट फिरवून बघितलं, टीचर. खाली कोरलेलंच नाही."

मेस्तांनी गिरमिट बाजूला ठेवलं आणि त्या सहाव्या ओळीवरून अंगठा फिरवला. "कारागीर दमून सोडता तेव्हा तुटक सोडता," ते म्हणाले. "ही वळ साफ करून सोडलली असा. मुद्दाम."

आणि मग मला दिसलं. एवढी वर्षं ज्या बाईकडे बघत होते ती मला पहिल्यांदा दिसली! रिकामा उजवा हात त्या अर्ध्या ओळीच्या बरोब्बर वर होता, वीतभर अंतरावर. अंगठा आणि दोन बोटं चिमटीत. मान कलती, डोळे वर, ओठ उघडे. लिहिता लिहिता थांबलीय ती. पुढचा शब्द ऐकतेय.

"आणि टीचर, हे पण," तेजस्विनी गुडघ्यावर बसली. टाचेपाशी निळ्या रंगाचा पोपडा सुटला होता. त्याच्याखाली झगा तपकिरी होता आणि वर पांघरलेली शाल पांढरी.

तपकिरी झगा, पांढरी शाल, पुस्तक, लेखणी. ही बाई दरवर्षी माझ्याच पडद्यावर येत होती! "तेरेझा!" मी किंचाळले. "आव्हिलाची तेरेझा! फादर, स्पेनची जोगीण, मठ काढत गावोगाव हिंडली, पुस्तकं लिहिली!" मी वेदीसमोर येरझारा घालायला लागले. तिच्या पंथाच्या लोकांचा मठ सतराव्या शतकात जुन्या गोव्यात होता. एकोणिसाव्या शतकात सरकारने सगळे मठ बंद केले, मूर्ती कुठेकुठे गेल्या. पेडणे तर पोर्तुगिजांकडे आलंच उशिरा, तेव्हा मूर्ती या कोपेलापेक्षा जुनी असू शकते... आणि तिथे मीच मला अडवलं. असू शकते म्हणजे काय? लेखणीवाल्या जोगिणी आणखीही असतील. "पुरावा कुठाय?" मी मोठ्याने म्हटलं. "ही तीच कशावरून?"

त्याच वेळी दारातून सासूबाई आत आल्या. माझ्या सासूबाईंचं नाव पद्मावती. गुडघे दुखतात, पण चालणं सोडलेलं नाही. हातात खोबरेल तेलाची बाटली. कोपेलातल्या दिव्याला वर्षातून एकदा आमच्या घरचं तेल जातं. का जातं ते कोणालाच ठाऊक नाही, पण जातं. मी आधीच घायकुतीला आले होते, त्यात ही बाटली.

"आई, आज कशाला आलात? फेस्त आयतवारी आहे."

"फेस्त तुमचा आयतवारी," सासूबाई म्हणाल्या. "लोकांक सुटी मेळाक होयी म्हणून तुमी आयतवारी केलात. तेल आमचा पंधरा तारखेक. माज्या सासूक तिच्या सासून सांगितलला. पंधरा म्हणजे पंधरा."

फादर सावियो पायरीवर बसले होते ते ताडकन उठले. "आज कितें, पंधरा?"

"पंधरा ऑक्टोबर," तेजस्विनी म्हणाली.

फादरनी स्वतःच्या कपाळावर फाडकन हात मारला. "टीचर! पंधरा ऑक्टोबर म्हणजे तेरेझाचें फेस्त! आज सकाळीं मिसाच्या प्रार्थनेंत हांवेंच तिचें नांव घेतलां! सायबिणीचीं फेस्तां सप्टेंबरांत, डिसेंबरांत. ऑक्टोबराच्या मदीं हें कोणाचें, म्हण हांवें केन्नाच विचारलें ना!"

पुढची दोन मिनिटं मला नीट आठवत नाहीत. मी फादरचे हात धरून नाचले, असं मेस्त सांगतात. तेजस्विनीला मिठी मारली एवढं आठवतं, कारण टॉर्च माझ्या कानावर आपटला. सासूबाई बाटली घट्ट धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या. फेस्ताची तारीख चर्च विसरलं, ख्रिस्ती घरं विसरली, आणि आमच्या हिंदू घरातल्या सुनांनी ती तेलाच्या बाटलीतून एकीकडून दुसरीकडे पोचवली. गेल्या दोन वर्षांत, सासूबाईंचे गुडघे सुजलेले असताना, ती बाटली पंधरा तारखेला इथे मीच आणली होती, तारखेकडे न बघता. मी, एम. ए. इतिहास!

मेस्तांनी कारखान्यातून सागवानाची एक ढलपी आणली आणि पायरीवर बसून ती तासायला घेतली. अर्ध्या तासात पिसाची लेखणी तयार झाली, वरच्या टोकाला पिसाच्या शिरा काढलेली. त्यांनी ती भोकात सरकवली. ती तिरकी, सहज, शेवटपर्यंत आत गेली, आणि तिचं टोक खाली त्या अर्ध्या ओळीकडे वळून थांबलं.

मी तेजस्विनीकडे वळले. "तेजस्विनी, मी चुकले. तुझं बरोबर होतं आणि मी तुझी सगळ्यांसमोर चेष्टा केली."

"ठीक आहे, टीचर."

"ठीक नाही!" मी ओरडले. फादर हसायला लागले. "सगळ्यांसमोर चेष्टा केली, तर आता सगळ्यांसमोर तूच सांगायचंस. रविवारी. माईकवर."

हे म्हणणं सोपं होतं. शुक्रवारी-शनिवारी बातमी वाड्यावर फिरली आणि नेहमीप्रमाणे उलटी होऊन फिरली: टीचरने सायबीण बदलली. उंड्यांची, म्हणजे पावांची, पिशवी घेऊन परत येताना मला कोपऱ्यावरच्या संजनाने अडवलं. "टीचर, माज्या पोराक नोकरी सायबिणीन दिली. आता ती नोकरी कोणाची?" मी हसले, पण ती हसत नव्हती. घरी सासूबाईंचाही तोच प्रकार. दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला पहिल्यांदाच भीती वाटली, आणि ती पत्रकाची नव्हती. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जिच्यापाशी मन मोकळं केलं ती बाईच मी त्यांच्याकडून काढून घेतली तर? खरं सांगून मी जर कोपेल रिकामं केलं तर?

रविवारी मिसा झाल्यावर कोपेलापुढचं अंगण माणसांनी भरलं. मूर्ती बाहेर मांडवात आणून ठेवली होती. मी माईक घेतला आणि म्हटलं, "तुमच्या हातात पत्रक दिलेलं नाही, कारण ते चूक होतं. ते मी लिहिलं होतं. खरं काय ते माझ्या विद्यार्थिनीने शोधलं, ती सांगेल." कुजबूज सुरू झाली. तेजस्विनी उभी राहिली तेव्हा तिचा आवाज इतका कापत होता की पहिलं वाक्य कोणाला कळलंच नाही. मग तिने मूर्तीच्या हाताकडे बोट केलं आणि तिची भीती गेली. बोटांची चिमटी, पानावरच्या ओळी, टाचेचा तपकिरी रंग, पंधरा तारखेचं तेल, सगळं तिने एकापुढे एक सांगितलं. मांडवाच्या खांबाशी तिचा बाप हाताची घडी घालून उभा होता. मला इतका अभिमान वाटत होता की मी दोनदा मधेच टाळ्या वाजवल्या.

ती थांबली. संजना माझ्याकडे बघत होती. मग पुढच्या खुर्चीवरून सासूबाई उठल्या.

"बाय, एक सांग माका," त्या तेजस्विनीला म्हणाल्या. "चाळीस वर्षां मी हिच्यासमोर येतंय. मनातला सगळा हिका सांगतंय. ही आमची सायबीण न्हय, तर मगे मी सांगत होतंय ता कोणाक?"

तेजस्विनीने माझ्याकडे पाहिलं. इतिहासात याला उत्तर नाही. अख्खं अंगण वाट बघत होतं.

"आजी, ती तीच असा," तेजस्विनी म्हणाली. "तुमी तेल घातलात ता हिकाच. सांगितलात ताय हिकाच. ती आयकत होतीच. फक्त, आयकता आयकता ती लिहून घेता."

सासूबाई मूर्तीकडे बघत राहिल्या. लेखणीकडे, मग पानाकडे.

"सगळा?" त्यांनी विचारलं.

"सगळा, आजी."

"अगे माज्या आवशी!" सासूबाई म्हणाल्या, आणि अंगणात असा हशा पिकला की फादरनी डोळे पुसले. संजनासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. लोक खुर्च्या सोडून पुढे आले, लेखणी बघायला, ओळी मोजायला, पाया पडायला. फक्त सासूबाई हसल्या नाहीत. माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्या मूर्तीपाशी गेल्या आणि तिथे पोचल्यावर त्यांनी माझा हात सोडला.

"विनोदिनी, तू जरा लांब रव गो," त्या हळूच म्हणाल्या. "तू लगीन होवन इलंस त्या वर्सा मी हिका तुज्याबद्दल एक सांगितललंय. ता खोडूक सांगूचा असा."

माझे डोळे भरून आले. मी लांब जाऊन उभी राहिले.